मजल, मुक्काम आणि दैठण्याचा रस्ता

परभणीहून गंगाखेड सुमारे चाळीस किलोमीटर. एसटीने तासभर, खड्डे वाढले असतील तर सव्वा तास. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी मात्र हे अंतर दोन दिवसांत कापते. परभणीचा मुक्काम हलला की पोखर्णी नृसिंहवरून पहिली मजल दैठण्याला. तिथून दुसरी मजल गंगाखेडला, गोदावरीच्या काठी. यातली पहिली मजल मी २०२५ च्या जूनमध्ये पालखीच्या मागे मागे चाललो.

निघायच्या आदल्या रात्री एका मित्राने विचारले, "तू मुसलमान माणूस, तुझं वारीत काय काम?" प्रश्न चिडून विचारलेला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हते. हाच प्रश्न मला आमच्या मोहल्ल्यातूनही आला, जरा वेगळ्या सुरात: "वहाँ जाके क्या करते?" दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न येतो, तेव्हा त्यामागचे गृहीतकही एकच असते. हा रस्ता त्यांचा आहे, मुसलमान तिथे गेलाच तर पाहुणा म्हणून किंवा पाणी वाटायला. गेली काही वर्षे मी मराठीतले आणि दखनीतले प्रवासाचे शब्द गोळा करतो आहे, आणि त्या शब्दांना हे गृहीतक काही मान्य नाही. म्हणून हा लेख.

मजल हा शब्द घ्या. मूळ अरबी 'मंझिल'. न-झ-ल या धातूचा अर्थ उतरणे. प्रवासी जिथे जनावरावरून उतरतो, ओझे उतरवतो, ती मंझिल. कुरआन सात दिवसांत वाचून पूर्ण व्हावे म्हणून त्याचे सात भाग करतात, त्यांनाही मंझिलच म्हणतात. म्हणजे वाचणाऱ्याचीही रोजची एक चाल ठरलेली. मुक्काम हा शब्द उभे राहणे, थांबणे या अर्थाच्या धातूपासून आला. नमाजमधला कियाम, जमात उभी राहण्याआधीची इकामत, काबागृहाशेजारचे मकामे इब्राहिम आणि पालखीचा दैठणा मुक्काम ही सगळी एकाच मुळाची पोरे. 'मजल दरमजल' या शब्दप्रयोगात तर मधला 'दर'सुद्धा फारसी आहे. आपण तो इतक्या सहज वापरतो की शाळेतल्या कुठल्याही मास्तरांनी तो परका म्हणून दाखवला नाही, आणि दाखवायची गरजही नव्हती.

दिवसभरात माणसाने किती चालायचे, हे कुणा राजाने ठरवलेले नाही. पाय, पाठीवरचे ओझे आणि पाण्याची जागा या तिघांनी मिळून ते ठरवले. पाच-सात कोस चालले की पाणी लागते. मराठवाड्यात जागोजागी बारवा आहेत. आमच्या जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरची गोल जिन्याची बारव आता बाहेरून लोक बघायला येतात. बारव बांधणारा यादवांच्या काळातला असो, पुढे तिची डागडुजी कुणीही केलेली असो, पाणी पिणाऱ्याने कधी शिलालेख वाचून ओंजळ भरलेली नाही. उत्तरेत शेरशाह सुरीने दर दोन कोसांवर सराया बांधल्या त्या याच हिशेबाने. तिकडे अरबस्तानात मोटारी येण्याआधी हाजी जिद्दा बंदरात उतरून मक्केला निघत, ते अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर. उंटांचा काफिला मध्ये बहरा नावाच्या गावाजवळ विसावा घेई. मक्का असो की गंगाखेड, मधे एक बहरा, मधे एक दैठणा लागतोच.

तर त्या दिवशी सकाळी. शेगावची पालखी ही महाराष्ट्रातल्या लांब पल्ल्याच्या पालख्यांपैकी एक. आळंदी-देहूच्या पालख्या अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालतात; ही सातशेहून अधिक. ज्येष्ठात निघते, महिनाभर चालते. बुलडाणा, अकोला, वाशीम, हिंगोली करून परभणीत येते, मग बीड, धाराशिव, सोलापूर. वय मात्र फारसे नाही. गजानन महाराजांनी समाधी घेतली १९१० मध्ये आणि पालखी सुरू झाली १९६० च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे माझ्या वडिलांच्या शाळेच्या दिवसांत ती परभणीला नवीनच होती. शिस्तीबद्दल प्रसिद्ध आहे. पांढऱ्या कपड्यांतले टाळकरी, पताकावाले, रांगेत रांग. आळंदीच्या वाटेवरची ती लाखांची गर्दी इथे नाही. जे संस्थानाच्या दिंडीत असतात ते शेकड्यांत मोजावे इतके, आणि त्यांच्या मागेपुढे आमच्यासारखे एका दिवसाचे हौशी.

परभणीत पालखी येते तेव्हा शहर उत्साहात असते. चहा, पोहे, केळी, पाण्याचे पाऊच. केळीच्या हातगाड्या बहुतेक बागवानांच्या. शहर मागे पडले की दोन्ही बाजूंना काळी जमीन. एक पाऊस होऊन गेला होता, दुसऱ्याची वाट होती. कापूस लावावा की थांबावे, यावर रस्त्याने चालणाऱ्यांतही खल चालू होता, कारण चालणारे बहुतेक शेतकरीच. माझ्या पुढे अकोला जिल्ह्यातले सत्तरीचे एक काका होते. त्यांना विदर्भातल्या पावसाची काळजी आणि मला माझ्या नव्या बुटांची. ते रबरी चपलेत चालत होते आणि मला मागे टाकत होते. वारीत सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात; त्यांनी मलाही माऊलीच म्हटले. तासाभराने नाव विचारले. मी सांगितले. "बरं," म्हणाले, आणि पावसाचा विषय पुढे चालू केला.

मी पताकांकडे बघत होतो. पताका संस्कृत, पण त्याच कापडाला निशाण म्हटले की फारसी. पालखीवर धरतात ती अबदागिरी. मूळ 'आफ्ताबगिरी', आफ्ताब म्हणजे सूर्य, ऊन अडवणारी ती. मशाल अरबी, नगारा अरबी, कूच मध्य आशियातून आलेला. चोपदार फारसी: चूब म्हणजे लाकूड, हातात दंड धरणारा तो चोपदार. टाळ, वीणा, दिंडी, अभंग हे शब्द इथल्या मातीतले. एकत्र पाहिले की लक्षात येते की भजनाचे शब्द एका घरचे आहेत आणि मिरवणुकीचे, व्यवस्थेचे शब्द दुसऱ्या घरचे. हे कसे झाले?

याचे उत्तर आळंदीच्या पालखीच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास बऱ्यापैकी माहीत असलेला आहे. वारी फार जुनी, ज्ञानेश्वर-नामदेवांच्याही आधीची. पण पालखी, घोडे, चोपदार, क्रमाने लावलेल्या दिंड्या हे रूप त्या मानाने अलीकडचे. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली असे मानतात. आळंदीच्या सोहळ्याला आजचे रूप दिले हैबतरावबाबा आरफळकर यांनी, १८३२ च्या सुमारास. हे साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिले. हैबतरावबाबांना लष्कर हलवणे ठाऊक होते. हजारो माणसे रोज उठवायची, चालवायची, जेवू घालायची, भांडणे मिटवायची, हे ज्ञान त्यांच्याकडे फौजेतून आले. आणि मराठा सरदारांच्या फौजेची, दरबाराची रीत घडली होती बहमनी, निजामशाही, आदिलशाही आणि मोगल दरबारांच्या सहवासात. देवाचा दरबार भरवायचा तर माणसाला ठाऊक असलेला दरबारच डोळ्यांपुढे येतो.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग संध्याकाळचा आहे. आळंदीच्या पालखीत तळावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतो आणि तो अफाट कल्लोळ एका क्षणात शांत होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, पाणी मिळाले नाही, जागा मिळाली नाही, कुणी अडवले, तर ती दिंडी शांत होत नाही. टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, आणि मगच टाळ थांबतात. सगळे गप्प असताना वाजत राहण्याचा हक्क. याला फिर्याद म्हणायचे. हाही शब्द फारसी आहे, आणि बादशहाच्या दारी घंटा बांधल्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या त्यांच्याच कुळातली ही रीत वाटते. ही शेवटची माझी अटकळ आहे, पुरावा नाही.

दर्ग्याच्या उरुसात संदल निघते तेव्हा पुढे निशाण असते, मशाल असते, नगारा असतो. परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस फेब्रुवारीत भरतो आणि त्यात चादर घेऊन येणाऱ्यांत किती हिंदू असतात हे परभणीकरांना सांगायला नको. संदल आणि पालखी यांची श्रद्धा वेगळी आहे. एकाला दुसऱ्यात मिसळून 'सगळे एकच' म्हणायची मला घाई नाही. पण चालण्याची, मिरवण्याची, मान देण्याची पद्धत दोघांनी एकाच दखनी दरबाराकडून उचलली आहे.

इथे कुणी म्हणेल, शब्द आले ते सत्तेबरोबर आले आणि सत्ता तलवारीबरोबर. बरोबर आहे, आणि ते लपवायचे कारण नाही. १६५९ मध्ये अफझलखानाची फौज तुळजापूर-पंढरपूर भागातून वाईकडे गेली तेव्हा देवस्थानांना उपद्रव झाल्याचे बखरी सांगतात. विठ्ठलाची मूर्ती वेळोवेळी हलवून लपवल्याच्या आठवणी पंढरपूरकडे आहेत. शेगावची पालखी सोलापूरच्या पुढे माचणूरवरून जाते. तिथे भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत पडून होती. आलमगीरचा तळ तिथून पंढरपुरापर्यंत एक-दोन मजलांवर. तरी नारायण महाराजांनी पालखी काढली ते साल बघा. १६८५ मध्ये मोगल फौज विजापूरला वेढा घालून बसली होती आणि पंढरपूर विजापूरच्याच मुलखात. दोन मुसलमान सत्ता एकमेकींशी लढत होत्या आणि त्या धामधुमीत देहूहून पालखी निघत होती. 'मुसलमानांनी वारी बंद पाडली' आणि 'मुसलमान राजांनी वारी सांभाळली' अशी दोन्ही वाक्ये मी ऐकली आहेत. दोन्ही फार सोपी आहेत. फौजा आल्या, गेल्या. कर बसले, माफ झाले. चालणारे चालत राहिले. आणि दाराशी अडवणारे नेहमी परधर्मीयच होते असेही नाही. चोखोबांना पायरीशी थांबावे लागले. पंढरपूरचे मंदिर दलितांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले.

पोखर्णी मागे टाकून थोडे पुढे आल्यावर जोहरची वेळ झाली. रस्त्याकडेच्या शेतात लिंबाचे झाड होते. काकांनी आपली बाटली वजूला दिली आणि माझी पिशवी धरून बसले. नमाज झाल्यावर विचारले, "पाच वेळा म्हणजे चालताना कसं जमतं हो?" मी त्यांना मुसाफिराचा नियम सांगितला. प्रवासात चार रकातींच्या फर्ज नमाजच्या दोनच होतात. पण प्रवास कशाला म्हणायचे? हनफी फिकहमध्ये जुने माप असे: मध्यम चालीने तीन दिवसांची वाट. पुढे उलेमांनी त्याचे मैल केले, साधारण अठ्ठेचाळीस, म्हणजे सत्त्याहत्तर किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या लांब जायच्या इराद्याने गावाची हद्द ओलांडली की माणूस मुसाफिर. मी दैठण्यापर्यंतच जाणार होतो म्हणून पूर्ण चार पढलो. पंढरपूरला निघालो असतो तर दोनच.

काकांना हे फार पटले. "म्हणजे चालणाराची दमणूक हिशेबात धरली," म्हणाले. मग त्यांनी आपल्याकडचे सांगितले: नेम मोडू नये हे खरे, पण ताप आला तर गाडीत बसवतात, आणि त्याने वारी मोडत नाही. आम्ही दोघेही शास्त्री नव्हतो. सवलतींवर आमचे एकमत झाले.

तिथेच एक तरुण भेटला, जवळपासच्या कुठल्या तरी गावचा. मला नमाज पढताना त्याने पाहिले होते. त्याला काकांचा आणि माझा फोटो हवा होता. मोबाइल वर धरला आणि म्हणाला, "सर, टोपी घाला ना, म्हणजे कळेल." त्याचा हेतू चांगला होता, त्यात शंका नाही. मी टोपी खिशातच ठेवली. दर आषाढात हे फोटो येतात: टोपीवाला पाणी देतो आहे, बुरख्यातली आई विठ्ठलाच्या वेशातल्या मुलाचा हात धरून चालली आहे. लोक हळहळून पुढे पाठवतात. मला त्या फोटोंचा राग येत नाही, थकवा येतो. फोटोतला मुसलमान नेहमी रस्त्याच्या कडेला असतो. त्याला ओळखू यावे म्हणून टोपी लागते, आणि चालणाऱ्यांत तो असला तर फोटोच होत नाही.

संतपरंपरेतल्या मुसलमानांचेही आपण असेच केले आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सतराव्या शतकातले मोठे मराठी कवी, 'योगसंग्राम' हा त्यांचा ग्रंथ. देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी घेते, आजही. ही नावे भाषणांत एका दमात घेतली जातात, ऐक्याचा दाखला म्हणून. शेख महंमदांचा ग्रंथ वाचून त्यांच्याशी भांडणारे, सहमत होणारे किती? डॉ. यू. म. पठाण यांच्यासारख्या अभ्यासकांनी सुफी संतांचे मराठी साहित्य धुंडाळण्यात आयुष्य घातले. ते काम तरी आपल्या घरांत किती पोचले? आपल्यातले काही म्हणतात, हे कवी धड आपले नव्हतेच. त्यांनी निदान वाचून म्हणावे.

दुपारनंतर ऊन चढले. पालखी सोडून रस्त्याबद्दल जे मनात चालले होते ते इथे लिहितो, कारण परभणीच्या माणसाला ते टाळता येत नाही.

१७२४ पासून १९४८ पर्यंत, मधल्या चढउतारांसकट, हा मुलूख हैदराबादच्या आसफजाही राज्यात होता. पंढरपूर मात्र सोलापूर जिल्ह्यात, इंग्रजी मुंबई इलाख्यात. म्हणजे परभणी-गंगाखेडचा वारकरी परदेशी जात असे. सरहद्दीवर करोडगिरी नाका, तिथे जकात. खिशात निजामाचा हाली सिक्का, पलीकडे चाले इंग्रजी कलदार. सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. विठ्ठलापुढे ठेवायचा पैसा बदलून न्यावा लागे. पुढे १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तीसाठी लढणाऱ्यांनी हेच करोडगिरी नाके जाळले. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावेच्या गावे छळली, लुटली, माणसे मारली. मराठवाड्यात त्याच्या आठवणी घरोघर आहेत आणि त्या खऱ्या आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आले, १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. त्यानंतरचे दिवस मात्र आपल्या शालेय पुस्तकांत नसतात. पंडित सुंदरलाल यांची समिती सरकारनेच पाठवली, ती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला. मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. अहवाल लोकांना वाचायला मिळाला तो साठ वर्षांहून अधिक काळाने.

माझी दादी गोदाकाठच्या एका खेड्यातली. तिला आणि तिच्या आईला एका माळकरी घराने कापसाच्या कोठीत अकरा दिवस ठेवले होते. घराची मालकीण रात्री भाकरी आणून देई. दादीचे दोन भाऊ वाचले नाहीत. वाचवणाऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, हे दादी आयुष्यभर सांगत राहिली. मारणाऱ्यांच्या गळ्यात काय होते हे तिने कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. रस्त्यावरून दिंडी गेली की ती दारात रांजण ठेवायला सांगे. कुणी शेजारीण म्हणाली, की अगं ते तुमच्या घरचे पितील का, तर दादीचे ठरलेले उत्तर: "पानी रखना अपना काम, पीना नै पीना उनका." पिणारे पीत. न पिणारेही होते.

म्हणून मला 'गंगा-जमनी' हा शब्द या रस्त्यासाठी अपुरा वाटतो. तो फार गुळगुळीत आहे. इथे जे आहे ते एकत्र राहून, एकमेकांना वाचवून आणि एकमेकांना मारूनही उरलेले आहे. शब्द उरले, रीती उरल्या, धंदे उरले.

धंद्यांचे तर दैठण्यात पोचल्यावर दिसलेच. मुक्कामाच्या गावाला त्या दिवशी बाजाराचे रूप येते. राहुट्या, जेवणाच्या पंगती, टँकर, फिरता दवाखाना. कडेला चपला शिवणारे, बांगड्यांचे मणियार, पान-सुपारीचे तांबोळी, केळीवाले, मोबाइल चार्ज करून देणारा एक पोरगा. यात कोण कोणत्या धर्माचा हे आडनावांवरून काढता येते, पण कुणी काढत नव्हते. गिऱ्हाईकांना घाई होती. जुन्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदारांतला, पिंजारी गावाच्या गाद्या भरणारा. मराठवाड्यातल्या खेड्यातला मुसलमान हा नवाबाचा नातेवाईक कधीच नव्हता. तो कापूस पिंजत होता, तेल गाळत होता, घोड्याला नाल मारत होता. वारीच्या वाटेवर त्याचे काम होते, मजुरी होती. काकांच्या चपलेचा अंगठा दैठण्यात तुटला आणि तो शिवून देणाऱ्याने पैसे घेतले नाहीत. मी त्याचे नाव विचारले नाही.

संध्याकाळी काका उद्याच्या गंगाखेडबद्दल बोलत होते. गंगाखेड म्हणजे जनाबाईंचे गाव. दामा आणि करुंड या वारकरी दांपत्याची ही मुलगी. बापाबरोबर लहानपणी पंढरपूरला गेली आणि नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली, असे परंपरा सांगते. नामदेवांचे नरसीही आमच्याच बाजूला. हिंगोली वेगळा जिल्हा झाला १९९९ मध्ये, तोवर नरसी परभणी जिल्ह्यातच होते. काकांना जनाबाईंचे दळण-कांडण आणि त्यात मदतीला येणारा विठ्ठल आठवत होता. मला तिचा काळ आठवत होता. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी देवगिरीवर झाली, १३१८ पर्यंत यादव संपले. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली. तिच्या पाठोपाठ चिश्ती सुफी खुलताबादला आले, बुऱ्हाणुद्दीन गरीब त्यांत होते. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले. जनाबाईंची समाधी परंपरेने १३५० ची. म्हणजे एका मोलकरणीच्या आयुष्यात चार राज्ये बदलली. तिच्या नावावरच्या अभंगांत राजा सापडत नाही; जाते, उखळ, केर, पाणी आणि देव सापडतो. इतिहास लिहिणाऱ्यांनी कुणाची सत्ता कधी आली हे लिहून ठेवले. गंगाखेडहून पंढरपूरला एक बाप मुलीला घेऊन किती मजलांत पोचला हे कुणी लिहिले नाही.

बाजारात चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले. पलीकडच्या एका गावचे, जातीने अत्तार. त्यांना माझ्या शब्दांत काही रस नव्हता, त्यांची अडचण वेगळीच होती. ती समजायला चंद्राचा थोडा हिशेब लागेल. एकादशी म्हणजे शुद्ध पक्षातला अकरावा दिवस. आपला महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणून आपली दहा तारीख बहुधा त्यांच्या एकादशीच्या आसपास पडते. जिल्हिज्जची दहावी म्हणजे बकरी ईद, मुहर्रमची दहावी म्हणजे आशूरा. यातला कुठलाही महिना आषाढाबरोबर आला की गाठ पडते. २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पंढरपूरसह कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी केली नाही, पुढच्या दिवसांत केली. शरीयतने तीन दिवस दिलेलेच आहेत. त्या वर्षी हिंदू पंचांगात अधिक महिना आला, आपल्यात तो नसतो, त्यामुळे एक घर सरकले आणि १७ जुलै २०२४ ला एकादशी आशूऱ्यावर आली. २०२५ मध्ये पुन्हा, ६ जुलैला. सलग तीन वर्षे. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळे ती साखळी तुटणार होती, आणि पुन्हा अशी गाठ पडायला तीसएक वर्षे जातील.

त्यांच्या गावात मुहर्रमला सवारी बसते. मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत बसते, आणि बसवणारे मुसलमानांचे घर एखादेच असले तरी उचलणारे गावचे असतात. या गावात सवारी उचलायचा मान दोन घरांकडे आहे, एक मराठ्याचे, एक माळ्याचे, आणि तो त्यांच्या आजापणजापासून चालत आलेला. सवारी धरणे हे कुणाही नवख्याचे काम नाही. अंगात जोर लागतो आणि वाट माहीत लागते. आमच्यातल्या मौलवींना हा प्रकार मंजूर नाही, हे त्यांनी मला आधीच सांगून टाकले, आणि तरी गाव ऐकत नाही हेही. गेल्या वर्षी कसेबसे निभावले होते. यंदा त्या दोन्ही घरांतले धडधाकट पुरुष एका दिंडीबरोबर पंढरपूरला निघून गेले होते. ६ जुलैला ते चंद्रभागेत असणार आणि सवारी त्याच संध्याकाळी उठवायची होती. घरी राहिलेल्यांत एक बारावीतला पोरगा आणि एक गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आजोबा. पोराला वाट दाखवायला आजोबांना बैलगाडीत बसवून पुढे न्यायचे, असा विचार चालला होता. गाडी कुणाची घ्यायची ते अजून ठरले नव्हते.